जुना संगणक भंगारात देण्याआधी, नव्यावर काही बसवण्याआधी : पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सची परीक्षा



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी ठरावीक अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ घ्यावे तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळ हिशेब म्हणजे आठवी पिढी आणि त्यापुढचे. २०१२ किंवा २०१५ साली घेतलेले संगणक या चाळणीतून खाली पडतात.

इंदूरमधल्या आपल्या अनेक घरांत नेमके हेच संगणक आहेत. मुले शिकत असताना घेतलेला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेल्यावर घरीच राहिला. आता त्यावर आई-बाबा वीजबिल भरतात, बँकेचे खाते पाहतात, नातवंडांशी बोलतात. संगणक चालू होतो, म्हणून काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या की नव्याने सापडलेले प्रत्येक छिद्र उघडेच राहते, आणि त्याच यंत्रावर आयुष्यभराच्या बचतीचे व्यवहार चाललेले असतात.

अशा वेळी कोणी सांगते, नवा घ्या. कोणी सांगते, लिनक्स टाका, सगळे सुरळीत होईल. दोन्ही सल्ले यंत्र न पाहता दिलेले असतात. लिनक्सची सोय अशी की ते संगणकावर न बसवताही चालवून पाहता येते. एक पेन ड्राइव्ह आणि एक संध्याकाळ एवढ्यात हा संगणक आणखी चार-पाच वर्षे काम देईल की नाही, हे बऱ्याच खात्रीने कळते. ती परीक्षा कशी घ्यायची, जुन्या आणि नव्या यंत्रांवर काय वेगळे तपासायचे, आणि आपल्या मराठी कामांसाठी काय पाहायचे, ते या लेखात सांगतो.

हलके लिनक्स म्हणजे काय

लिनक्स हा मुळात संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिसची कामे करणारे प्रोग्राम असे सगळे बांधून जो तयार संच मिळतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. एकाच कणकेची पोळी, पुरी, पराठा होतो तसे एकाच कर्नलचे शेकडो डिस्ट्रो आहेत. बहुतेक विनामूल्य आहेत.

हलका डिस्ट्रो म्हणजे ज्याचा पडद्यावरचा थाट कमी आणि म्हणून मेमरीची भूक कमी. या लेखासाठी दोनच नावे लक्षात ठेवू. पहिले लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. दिसायला विंडोजसारखी, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंटवाले किमान २ जीबी रॅम सांगतात आणि आरामात चालण्यासाठी ४ जीबी. दुसरे अँटिक्स. हे फारच जुन्या यंत्रांसाठी आहे, ५१२ एमबी रॅमवरही सुरू होते. दिसायला मात्र साधे आणि थोडे रुक्ष.

पण हलकेपणाची एक मर्यादा आधीच सांगतो. हलका असतो तो डेस्कटॉप. त्यावर फायरफॉक्स उघडून बँक, यूट्यूब आणि ईमेल असे तीन टॅब लावले की एक ते दोन जीबी मेमरी तेच खातात, मग डिस्ट्रो कोणताही असो. इंटरनेट जड झाले आहे, त्याला हलके करणारा डिस्ट्रो कोणाकडे नाही. त्यामुळे परीक्षा रिकाम्या पडद्याची घेऊ नका, आपल्या रोजच्या कामाची घ्या.

आधी नक्कल, मग प्रयोग

पेन ड्राइव्हवरून चालवून पाहताना संगणकातल्या डिस्कला धक्का लागत नाही. तरीही एका चुकीच्या बटणाने ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला जाऊ शकतो. म्हणून प्रथम फोटो, कागदपत्रे, पॅन-आधारच्या प्रती, ईमेलचे संग्रह असे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडल्या, तर नक्कल झाली असे समजा.

आपल्याकडे आणखी एक ठेवा असतो, तो सहज विसरला जातो. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी, शिवाजी, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, कुळाचा इतिहास, आजोबांच्या आठवणी, लग्नाच्या निमंत्रितांच्या याद्या अशा कितीतरी फाइली घरोघरच्या जुन्या यंत्रांत पडून आहेत. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणजे ज्या यंत्रावर तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर अजून चालू आहे, ते यंत्रच त्या मजकुराची किल्ली आहे.

म्हणून विंडोज पुसण्याआधी अशी प्रत्येक फाइल त्याच यंत्रावर उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ व रफार डोळ्यांनी तपासा. पेजमेकरमधल्या स्मरणिका लिब्रेऑफिसच्या ४.४ आवृत्तीपासून पुढे उघडता येतात, पण मांडणी हलते आणि जुन्या फॉन्टचा प्रश्न तसाच राहतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदा यंत्र गेले की करता येणार नाही.

पेन ड्राइव्ह तयार करणे

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्या. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा; मिंट एक्सएफसीईची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवावी लागते. दोन-तीन डिस्ट्रो एकाच पेन ड्राइव्हवर ठेवायचे असतील तर व्हेंटॉय सोयीचे. ते एकदा बसवले की पुढे आयएसओ फाइली फक्त कॉपी करायच्या.

आता संगणक बंद करून पेन ड्राइव्ह लावा आणि सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ१२, पण एसरच्या काही यंत्रांत ही सोय आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिनिट-दोन मिनिटांत डेस्कटॉप समोर येतो. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून मिंटच्या मेनूतला कॉम्पॅटिबिलिटी मोड निवडा.

या अवस्थेला लाइव्ह सेशन म्हणतात. सारे काही रॅम आणि पेन ड्राइव्हवरून चाललेले असते, यंत्र बंद केले की तुम्ही केलेले बदल पुसले जातात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जुन्या यूएसबी पोर्टचा वेग कमी असल्याने प्रोग्राम पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. त्यावरून संगणकाला नापास करू नका. फायरफॉक्स एकदा उघडून बंद करा आणि पुन्हा उघडा, त्या दुसऱ्या वेळेचा वेग खरा. दुसरी, मेमरी किती वापरली जाते ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. तुमचे नेहमीचे टॅब लावल्यावर मेमरी काठोकाठ भरत असेल, तर बसवल्यावरही यंत्र धापा टाकणार.

जुने यंत्र : काय पाहावे

जुन्या यंत्रांचे तीन गट करता येतात.

पहिला गट अगदी म्हाताऱ्या यंत्रांचा : पेंटियम ४, किंवा २००८-०९ च्या सुमारास आलेली छोटी ॲटम नेटबुक. यांतली बरीच ३२ बिटची आहेत. लिनक्सच्या जगातही ३२ बिटचा काळ संपत आला आहे. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटचा डेस्कटॉप देणे थांबवले, क्रोमने लिनक्सवरचा ३२ बिटचा सपोर्ट २०१६ मध्येच काढला, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही ३२ बिट लिनक्सचा निरोप घेतला. अँटिक्सवर हे यंत्र सुरू होईल, त्यावर गाणी ऐकता येतील, मजकूर टाइप करता येईल. पण ज्या यंत्रावर ताजा ब्राउझर मिळत नाही, त्यावर बँकेचे काम करू नये.

दुसरा गट कोअर टू ड्युओ आणि त्याच्या सोबतीचा, साधारण २००६ ते २०१० मधला. यावर अनेकदा ३२ बिटचे विंडोज बसवलेले असे, म्हणून लोक यंत्रच ३२ बिटचे समजतात. प्रत्यक्षात कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. दोन जीबी रॅम असेल तर अँटिक्स, चार जीबी असेल तर मिंट एक्सएफसीई. पत्रव्यवहार, ईमेल, बँक ही कामे एकेक करून होतात. यूट्यूबवर मात्र हा गट अडखळतो. तिथले व्हिडिओ आता नव्या पद्धतीने दाबून पाठवतात, आणि ती उलगडणारी यंत्रणा जुन्या ग्राफिक्समध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओ ४८० वर ठेवा, मग चालतो.

तिसरा गट २०११ ते २०१७ मधल्या आय३, आय५ यंत्रांचा, आणि आपल्या घरांत बहुतेक हाच आहे. हे संगणक मंद वाटतात याचे मुख्य कारण प्रोसेसर नव्हे, फिरती हार्ड डिस्क. तिच्यातली सुई दर वेळी योग्य जागी जायला काही मिलिसेकंद घेते, आणि आजचे प्रोग्राम सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचतात. साध्या साटा एसएसडीमध्ये ही धावपळच नसते. अशा यंत्रात एसएसडी आणि आठ जीबी रॅम घातली, तर त्यावर मिंट नव्यासारखे चालते. हे दोन्ही भाग सिल्व्हर मॉलसारख्या संगणक बाजारात मिळतात. फक्त रॅम डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४ हे आधी पाहून जा, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

या तिन्ही गटांत आणखी दोन गोष्टी तपासा. मिंटमधला डिस्क्स हा प्रोग्राम हार्ड डिस्कची प्रकृती दाखवतो. खराब झालेल्या भागांचा आकडा वाढत असेल तर तिच्यावर काहीही बसवू नका. आणि संगणकाची तारीख पाहा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपला की दर वेळी तारीख मागे जाते, आणि मग बँकेची साइट उघडताना ‘ही जागा सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. लोक घाबरतात किंवा इशारा ओलांडून पुढे जातात. दोन्हीची गरज नाही, सेल बदलला की काम होते.

नवे यंत्र : प्रश्न वेगळे

नव्या लॅपटॉपवर लिनक्स हमखास चालणार असे अनेकांना वाटते. वेगाची काळजी नसते हे खरे, पण इथे अडचण असते ती ओळखीची. नवी वाय-फाय चिप, नवे साउंड कार्ड यांची ओळख कर्नलला असावी लागते, आणि जुना कर्नल नव्या पाहुण्याला ओळखत नाही.

एक उदाहरण देतो. अनेक लॅपटॉपांत रिअलटेकची आरटीएल ८८५२बीई ही वाय-फाय चिप असते. तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.२ या आवृत्तीत आला. डेबियन १२ सोबत कर्नल ६.१ येतो, त्यामुळे त्या डिस्ट्रोवर ती चिप आपोआप चालत नाही. लिनक्स मिंट २२ मध्ये कर्नल ६.८ आहे आणि २२.२ मध्ये ६.१४, तिथे चालते. लॅपटॉप तोच, पण एका डिस्ट्रोवर वाय-फाय दिसत नाही आणि दुसऱ्यावर दिसते. म्हणून नव्या यंत्रासाठी सर्वांत हलका नव्हे, तर सर्वांत ताज्या कर्नलचा डिस्ट्रो निवडावा. वाय-फाय नसेल तर तात्पुरता उपाय सोपा : मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळते.

लाइव्ह सेशनमध्ये नव्या लॅपटॉपवर या क्रमाने तपासा : वाय-फाय, ब्लूटूथ, स्पीकर, माइक, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणे, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणे. मग झाकण मिटवा, पाच मिनिटांनी उघडा आणि यंत्र जागे होते का पाहा. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर बऱ्याच यंत्रांवर चालत नाही. पडदा बारीक ठिपक्यांचा असेल तर अक्षरे चिमुकली दिसतात, आणि एक्सएफसीईमध्ये ती मधल्या प्रमाणात मोठी करणे तितकेसे जमत नाही. अशा यंत्रावर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती बरी. मेमरी मुबलक असताना हलकेपणासाठी डोळ्यांना त्रास देण्यात अर्थ नाही.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी. नव्या लॅपटॉपांत सिक्युअर बूट चालू असते. मिंट, उबुंटू, डेबियन हे त्यासह सुरू होतात. अनेक छोट्या डिस्ट्रोंसाठी ते बंद करावे लागते. पण ते बंद करण्याआधी विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का पाहा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. दुसरे, विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता झोपते आणि लिनक्समधून तिच्या फाइलींत बदल करता येत नाहीत. तिसरे, काही लॅपटॉपांवर लिनक्सला आतली डिस्क दिसतच नाही, कारण तिच्यावर इंटेलची रॅपिड स्टोरेज व्यवस्था असते. ते सेटिंग घाईने बदलले तर विंडोज सुरू होईनासे होते. इथे जाणकाराला विचारूनच पुढे जा. यंत्र वॉरंटीत असेल तर पेन ड्राइव्हवरून पाहणे एवढेच करा.

मराठीची परीक्षा

बहुतेक परीक्षणे इंग्रजी वापर गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्याला मराठीही तपासायला हवी. लिब्रेऑफिस उघडा आणि हे वाक्य टाइप करा किंवा कुठून तरी आणून चिकटवा : ‘पायऱ्यांवर बसलेल्या बाळूने ॲल्युमिनियमच्या डब्यातला लाडू ज्ञानेश्वरीच्या पारायणाला नेला, तेव्हा कुऱ्हाडीचा आवाज आला.’ यात ऱ्या, ऱ्हा, ळ, ॲ, ज्ञ, श्व असे सगळे अडचणीचे आकार आहेत. ‘पायऱ्या’मधला र अर्धचंद्रासारखा दिसायला हवा, तो रफार होऊन वर चढला तर चूक. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतात.

ल आणि श यांचे मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी वळण दिसते. म्हणून लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. मराठी शुद्धलेखन तपासणीचा कोशही जोडता येतो.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय यादीतून मराठी निवडले की इनस्क्रिप्ट मिळते. हा आराखडा १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तोच आहे. त्यात शिफ्टसह एन दाबले की ळ, आणि शिफ्टसह जे दाबले की ऱ. हा ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य, अशी ‘पायऱ्या’ची गाठ सुटते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस ही व्यवस्था बसवून ध्वनीवर आधारित आराखडा घेता येतो. आपल्या मध्य प्रदेशात सीपीसीटी परीक्षेची हिंदी टायपिंग चाचणी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्टवर होते; घरातली मुले इनस्क्रिप्ट शिकली तर मराठी आणि ती परीक्षा दोन्ही एकाच सरावात होतात.

एक छोटी अडचण सांगून ठेवतो. विंडोजवर मंगल, कोकिळा, अपराजिता अशा फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल लिनक्सवर उघडली की ते फॉन्ट नसल्याने दुसरे लागतात आणि ओळी सरकतात. चार पानांची कार्यक्रमपत्रिका पाच पानांची होते. छापायला द्यायचे असेल ते पीडीएफ करूनच द्या.

रोजच्या कामांची यादी

लाइव्ह सेशनमध्ये बसून आपली पाच नेहमीची कामे खरोखर करून पाहा. बँकेची साइट, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, गूगल मीट ही ब्राउझरमधली कामे, ती होतात. झूमचे लिनक्ससाठी स्वतंत्र ॲप आहे.

प्रिंटर जोडून एक पान काढा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्समध्ये तयार सोय आहे. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी आहे. तो स्वतःची वेगळी भाषा बोलतो, त्यामुळे त्याला खास ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे खटपटीचे असते. हा प्रिंटर रोज लागत असेल तर हे आधीच तपासलेले बरे.

टॅली विंडोजसाठीच बनवलेले आहे. घरात कोणी हिशेबाची कामे घेत असेल तर त्या संगणकावरचे विंडोज काढू नका. जीएसटी किंवा आयकरासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे टोकन देणाऱ्याकडे विचारा. मुलांना लागणारी काही परीक्षांची आणि अभ्यासाची सॉफ्टवेअरे फक्त विंडोजवर चालतात, तीही यादीत घ्या.

आणि ज्यांचा संगणक आहे त्यांनाच खुर्चीत बसवा. आजींना व्हिडिओ कॉलचे बटण सापडते का, आजोबांना पेन्शनचे पासबुक मोठ्या अक्षरांत दिसते का, हे त्यांनी स्वतः करून पाहायला हवे. नातवाला आवडले म्हणून आजोबांचा संगणक बदलू नये.

हे नवे खूळ नव्हे

जुनी यंत्रे लिनक्सवर चालवण्याचा अनुभव आपल्या देशात बराच जुना आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यातील शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणून त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रयत्न झाला. केरळच्या सरकारी शाळा त्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या आणि आजही तेच वापरतात. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स आणले, त्यात मराठीही आहे. शाळांमधून ते रुजले, कारण शिकवायला आणि दुरुस्त करायला जवळ माणूस होता. घरीही तेच लागू पडते. अडल्यावर फोन करता येईल असा एक जण कुटुंबात किंवा शेजारी नसेल, तर घाई करू नका.

निकाल कसा लावावा

पाचही कामे झाली, मराठी नीट दिसली, प्रिंटर चालला, तर नक्कल पुन्हा तपासा आणि बसवा. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. विंडोज ११ चालणारे नवे यंत्र असेल तर विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स ठेवता येते.

एखादे महत्त्वाचे काम अडले, तर बँकेसाठी वेगळे सुरक्षित साधन ठेवा आणि जुन्या यंत्राला हलके काम द्या : गाणी, जुने फोटो, मराठी लेखन, मुलांचा टायपिंगचा सराव.

आणि यंत्र सर्वच बाबतींत नापास झाले, तर ते निरोप देण्याजोगे आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अव्वल राहिलेल्या आपल्या शहरात घरोघरच्या कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. संगणक कबाडीवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क बाहेर काढा. त्यात तुमच्या बँकेची कागदपत्रे असतात, आणि नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत मिळवणे अवघड नसते. डिस्क पूर्ण पुसा किंवा स्वतःकडे ठेवा.

या सगळ्यात पैसे लागतात ते एका पेन ड्राइव्हचे. येत्या रविवारी घरातला जुना संगणक काढा, नक्कल घ्या, आणि त्यावर वर दिलेले पायऱ्यांवरच्या बाळूचे वाक्य लिहून पाहा.